रक्तदाबरोधक औषधांचे मनोव्यापारांवरील परिणाम

अतिरिक्त रक्तदाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे रुग्णाची मनःस्थिती, झोप, स्मरण, अवधान आणि विचारशक्ती यांत घडून येणाऱ्या बदलांचा येथे विचार केला आहे. ही औषधे बहुधा अनेक वर्षे, पुष्कळदा आयुष्यभर घ्यावी लागतात. उलटपक्षी, अतिरिक्त रक्तदाबाने सामान्यतः कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे उपचारापूर्वी स्वतःस निरोगी समजणाऱ्या माणसाला उपचार सुरू झाल्यावर सुस्ती, उदासपणा किंवा विसराळूपणा जाणवू लागला, तर तो औषध सोडून देतो आणि पक्षाघात, हृद्‌विकार व वृक्कविकार (मूत्रपिंडाचे विकार) यांचा धोका पुन्हा ओढवून घेतो. याच्या उलट, औषधाने आलेली विषण्णता वार्धक्याची किंवा संसारातील विवंचनांची म्हणून निमूटपणे सोसली जाते आणि साधा औषधबदल केल्याने टळणारे दुःख वर्षानुवर्षे चालू राहते. या दोन्ही चुका टाळण्यासाठी कोणत्या औषधाचा कोणता परिणाम खरा व कोणता केवळ ऐकीव, हे जाणणे आवश्यक ठरते.

कार्यमीमांसा : रोहिण्यांच्या भित्तींमधील स्नायूंचा ताण, हृदयाच्या ठोक्यांची गती व जोर आणि वृक्काकडून होणारे लवण व पाणी यांचे उत्सर्जन, या तिहींवर रक्तदाब अवलंबून असतो. यांपैकी पहिल्या दोहोंवर अनुकंपी तंत्रिका तंत्राचे नियंत्रण असते. या तंत्रातील संदेश नॉरॲड्रेनॅलीन या तंत्रिका-प्रेषक द्रव्यामार्फत पोहोचविले जातात. हेच द्रव्य मेंदूमध्येही असून तेथे जागृतावस्था, अवधान, उत्साह व भीती यांच्याशी त्याचा संबंध आहे. निसर्गाने एकच रासायनिक दूत रक्तवाहिन्यांच्या आणि मनाच्या अशा दोन्ही कामांसाठी योजिलेला असल्यामुळे, तो दूत निष्प्रभ करणारे औषध मेंदूत शिरले तर रक्तदाबाबरोबर मनोव्यापारही बदलणे स्वाभाविक आहे.

औषध मेंदूत शिरते की नाही, हे मुख्यतः त्याच्या वसाविद्राव्यतेवर (चरबीत विरघळण्याच्या क्षमतेवर) अवलंबून असते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भित्ती इतर ठिकाणच्या भित्तींपेक्षा अधिक घट्ट असून त्यांमुळे निर्माण होणाऱ्या अडसरास रक्त-मेंदू रोध म्हणतात. वसाविद्राव्य द्रव्ये हा रोध सहज ओलांडतात; जलविद्राव्य द्रव्ये बव्हंशी बाहेरच राहतात.

औषध मेंदूत न शिरताही त्याचा परिणाम मेंदूवर होऊ शकतो. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सु. २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या वेळी शरीरास लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सु. २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. रक्तदाब काही मर्यादेत खालीवर झाला, तरी मेंदूतील वाहिन्या आकुंचन-प्रसरण करून रक्तपुरवठा स्थिर राखतात. दीर्घकाळ अतिरिक्त रक्तदाब असलेल्या व्यक्तीमध्ये ही मर्यादा वरच्या पातळीवर सरकलेली असते. अशा व्यक्तीचा रक्तदाब एकाएकी फार खाली आणला, तर निरोगी माणसास सोसेल एवढ्या दाबावरही तिला भोवळ, गोंधळ किंवा ग्लानी येऊ शकते. म्हणूनच वृद्धांमध्ये औषध अल्प मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढविले जाते.

सर्पगंधा व रेसर्पीन : औषधाने रक्तदाब आणि मन हे दोन्ही एकाच वेळी बदलतात, हे जगाच्या लक्षात आणून देण्यात सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा वाटा मोठा आहे. करवीर (कण्हेर) कुलातील या लहान झुडपाच्या मुळ्या भारतात पूर्वापार सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर वापरल्या जात. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही वनस्पती उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील नवे भारतीय औषध म्हणून मांडलेली होती. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी दिल्ली येथे तिच्या मुळांतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली.

रक्तदाबावरील औषध म्हणून सर्पगंधेस पाश्चात्त्य वैद्यकात स्थान मिळाले ते मुंबईतील कार्यामुळे. किंग एडवर्ड मेमोरियल (के. ई. एम.) रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात ५० रुग्णांच्या तपशीलवार निरीक्षणांचा समावेश होता. त्या काळी अतिरिक्त रक्तदाबावर सुसह्य असे औषध जवळजवळ नव्हतेच. कडक लवणरहित आहार किंवा अनुकंपी तंत्रिका छेदण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. त्यामुळे या निबंधाकडे जगभरच्या वैद्यांचे लक्ष वेधले गेले. या कार्याबद्दल वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये या मुळांतील प्रमुख क्रियाशील अल्कलॉइड शुद्ध स्वरूपात मिळविले. त्यास रेसर्पीन असे नाव देण्यात आले. ते एकीकडे रक्तदाबावर, तर दुसरीकडे मोठ्या मात्रेत छिन्नमनस्कतेवर वापरले जाऊ लागले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये त्याचा मनोरुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी एडवर्ड फ्राइस यांनी, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पीन घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांत तीव्र विषण्णता येत असल्याचे नोंदविले. पहाटे लवकर जाग येणे, कामात रस न वाटणे, कारणावाचून रडू येणे, क्वचित आत्महत्येचे विचार येणे, अशी लक्षणे त्यानंतर अनेक ठिकाणांहून नोंदली गेली.

रेसर्पिनाची क्रिया उलगडल्यामुळे मेंदूविज्ञानास नवी दिशा मिळाली. तंत्रिकांच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांमध्ये नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन व सिरोटोनिन ही द्रव्ये साठविलेली असतात. रेसर्पीन पुटिकांतील ही साठवण बंद पाडते. त्यामुळे द्रव्यांचा साठा संपतो आणि संदेशवहन मंदावते. परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूची क्रियाही थंडावते. स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन देऊन निश्चेष्ट झालेल्या सशांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचले असता ते काही मिनिटांत पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवून दिले. डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र प्रेषक द्रव्य असल्याचे प्रस्थापित होण्यास आणि कंपवातावरील पुढील उपचारांस या प्रयोगाने चालना दिली. कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रेषक द्रव्यांच्या अभावामुळे विषण्णता येते, ही १९६० नंतरची उपपत्ती बऱ्याच अंशी रेसर्पिनाच्या अनुभवावरच उभारलेली होती.

मात्र नंतरच्या चिकित्सेत हा पुरावा समजला जात होता तितका भक्कम नसल्याचे दिसून आले. आरंभीच्या नोंदींत तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता. थकवा व सुस्ती यांनाही काही वेळा विषण्णता समजले गेले. शिवाय डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये चिंताग्रस्त व विषण्ण रुग्णांवर केलेल्या नियंत्रित चाचणीत रेसर्पिनाने उलट सुधारणाच आढळली होती. विषण्णता मुख्यत्वे मोठ्या मात्रेत आणि पूर्वी विषण्णतेचा विकार होऊन गेलेल्या व्यक्तींत दिसते, असा साधारण निष्कर्ष आहे. अमेरिकेत ६० वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्रल औषधाच्या जोडीस ॲटेनोलॉल किंवा अल्प मात्रेत रेसर्पीन दिले होते. तीत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले आणि उपचार घेणाऱ्यांच्या बुद्धीवर वा मनःस्थितीवर अनिष्ट परिणाम आढळला नाही. असे असले, तरी विषण्णतेचा इतिहास असलेल्या रुग्णास रेसर्पीन देऊ नये हा नियम कायम आहे. भारतात एके काळी रेसर्पीन व डायहायड्रॅलॅझीन यांच्या मिश्र गोळ्या फार प्रचारात होत्या; नवी औषधे आल्यावर त्यांचा वापर मागे पडला.

मेंदूतील केंद्रांवर क्रिया करणारी औषधे : मिथिलडोपा व क्लोनिडीन ही औषधे मेंदूतील ग्राहींना चेतवून अनुकंपी तंत्राचा जोर कमी करतात. त्यांचे कार्यस्थानच मेंदू असल्यामुळे गुंगी, तोंडास कोरड, मंदपणा व एकाग्रतेचा अभाव हे त्यांचे नेहमीचे परिणाम होत. मिथिलडोपामुळे काही रुग्णांत विषण्णताही येते. हे औषध गर्भास अपाय करीत नसल्याचा दीर्घ अनुभव असल्याने गर्भवतींच्या रक्तदाबावर ते आजही वापरले जाते. प्रसूतीनंतरचे दिवस विषण्णतेच्या दृष्टीने नाजूक असतात. म्हणून ब्रिटनमधील मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रसूतीनंतर दोन दिवसांच्या आत मिथिलडोपा थांबवून दुसरे औषध दिले जाते. क्लोनिडीन एकाएकी थांबविल्यास साठलेला जोर उसळून रक्तदाब भराभर वाढतो आणि त्याबरोबर अस्वस्थता, कंप, घाम व निद्रानाश उद्‌भवतो.

बीटारोधक औषधे : स्कॉटिश औषधिक्रियावैज्ञानिक जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६४ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल हे औषध उपलब्ध झाले, ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही औषधे हृदयावरील बीटा ग्राही अडवून ठोक्यांची गती व जोर कमी करतात. प्रोप्रॅनोलॉल वसाविद्राव्य असल्याने ते मेंदूत सहज शिरते. ॲटेनोलॉल जलविद्राव्य असल्याने फारसे शिरत नाही. प्रोप्रॅनोलॉलाने छातीतील धडधड व हातांचा कंप थांबत असल्यामुळे सभेत बोलण्याच्या किंवा गाण्याच्या वेळची भीती कमी करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

१९६७ मध्ये प्रोप्रॅनोलॉलामुळे विषण्णता येत असल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढे हा समज पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. अनेक नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित परीक्षण २००२ मध्ये करण्यात आले असता, विषण्णतेचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत व निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत लक्षणीय भिन्न आढळले नाही. थकव्याचे प्रमाण मात्र किंचित अधिक होते. २०२१ मधील अधिक व्यापक परीक्षणाचाही निष्कर्ष असाच होता. विचित्र, ठसठशीत स्वप्ने व झोपेतील व्यत्यय मात्र या औषधांमुळे संभवतात. असा त्रास असल्यास जलविद्राव्य बीटारोधक दिल्याने तो बहुधा कमी होतो. मधुमेही रुग्णांत हे औषध आणखी एका कारणाने जपून द्यावे लागते. रक्तातील साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड व कंप ही लक्षणे त्यामुळे झाकली जातात आणि रुग्ण एकदम गोंधळलेल्या अवस्थेत आढळतो.

मूत्रल औषधे : हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन इ. औषधे वृक्काद्वारे लवण व पाणी बाहेर टाकतात. ती प्रत्यक्ष मेंदूवर क्रिया करीत नाहीत. तथापि वृद्धांच्या बाबतीत बुद्धीवर होणारा सर्वांत गंभीर व तरीही सहज सुधारणारा परिणाम याच औषधांमुळे होतो. रक्तद्रवातील सोडियमाचे प्रमाण सामान्यतः दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. मूत्रल औषधाने ते घटले, तर पाणी मेंदूच्या कोशिकांत शिरून त्या फुगतात. प्रारंभी मळमळ, डोके जड होणे व चिडचिड जाणवते. मग चालताना तोल जातो, दिवस-वार यांचे भान सुटते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि प्रमाण फारच घटल्यास झटके व बेशुद्धी येते. हा प्रकार कृश, वयस्क स्त्रियांत विशेष आढळतो आणि बहुधा उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्‌भवतो. रक्तदाबासाठी मीठ अगदी वर्ज्य केलेले असणे, जुलाब किंवा उलट्या होणे, अशा वेळी धोका वाढतो. घरची मंडळी यास ‘म्हातारचळ’ समजतात. परंतु रक्ताची एक साधी तपासणी करून औषध बदलल्यास रुग्ण थोड्याच दिवसांत पूर्ववत होतो. सोडियमाची तूट भरून काढण्याचे काम मात्र रुग्णालयात, सावकाश व देखरेखीखालीच व्हावे लागते.

इतर औषधे : अम्लोडिपीनासारख्या कॅल्शियम मार्गरोधकांचा मनोव्यापारांवर फारसा प्रत्यक्ष परिणाम आढळत नाही. एनालाप्रिल, रॅमिप्रिल इ. अँजिओटेन्सीन-रूपांतरक एंझाइमरोधक आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन इ. अँजिओटेन्सीन ग्राहीरोधक ही औषधेही या दृष्टीने निर्धोक समजली जातात. यांपैकी पहिल्या गटामुळे येणारा कोरडा खोकला झोपमोड करतो व त्यामुळे दिवसा चिडचिड होते, एवढाच काय तो अप्रत्यक्ष संबंध. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४१ रक्तदाबरोधक औषधांपैकी एकानेही विषण्णतेचे प्रमाण वाढविल्याचे दिसले नाही. नऊ औषधांच्या बाबतीत ते उलट कमी आढळले आणि त्यांत एनालाप्रिल, रॅमिप्रिल व अम्लोडिपीन यांचा समावेश होता. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी सर्वच गोळ्यांनी मन खचते हा समज त्यामुळे निराधार ठरतो. प्राझोसीनासारखी आल्फारोधक औषधे उभे राहताना रक्तदाब एकदम उतरवितात व भोवळ आणतात. आघातजन्य ताणविकारातील दुःस्वप्नांवर मात्र प्राझोसीनाचा उपयोग करण्यात आला आहे.

अतिरिक्त रक्तदाब आणि बुद्धी : औषधांच्या परिणामांचा विचार करताना, औषध न घेतल्यास मेंदूचे काय होते, हा प्रश्न विसरता येत नाही. दीर्घकाळच्या अतिरिक्त रक्तदाबाने मेंदूतील खोलवरच्या सूक्ष्म रोहिण्यांच्या भित्ती जाड व कठीण होतात, त्यांच्या पुरवठ्याखालील श्वेतद्रव्य झिजते आणि लहान लहान भाग मृत होतात. अशा अनेक आघातांनी विचारांचा वेग मंदावतो, योजना आखण्याची शक्ती घटते आणि अखेरीस स्मृतिभ्रंश होतो. मध्यमवयात दुर्लक्षित राहिलेला अतिरिक्त रक्तदाब हे उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे एक टाळता येण्याजोगे कारण मानले जाते.

उपचाराने हे टळते का, याचा शोध अनेक चाचण्यांनी घेतला आहे. यूरोपातील वृद्धांवरील १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम मार्गरोधकाने सुरू केलेल्या उपचारामुळे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु ८० वर्षांवरील व्यक्तींवरील २००८ मधील चाचणीत निश्चित फरक दिसला नाही. अमेरिकेतील २०१९ मधील चाचणीत रक्तदाब अधिक कसोशीने खाली ठेवल्यास सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण कमी होते, असे आढळले. चीनमधील ३२६ खेड्यांत ३३,९९५ व्यक्तींवर केलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खेड्यातील अल्पशिक्षित वैद्यकीय कार्यकर्त्यांनी चार वर्षे रक्तदाब नियंत्रणात ठेवला असता, स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. सारांश, बुद्धीस धोका औषधापेक्षा उपचाराच्या अभावीच अधिक असतो.

कारणनिश्चिती : उपचार चालू असताना मनःस्थिती बिघडली, म्हणजे ती औषधानेच बिघडली असे होत नाही. रोगाचे नाव कानी पडणे हेही मनावर आघात करते. कॅनडातील पोलाद कामगारांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपणास अतिरिक्त रक्तदाब आहे हे कळल्यानंतर कामगारांच्या आजारपणाच्या रजा सु. ८० टक्क्यांनी वाढल्या. आणि औषध घेत असोत वा नसोत, दोन्ही प्रकारच्या कामगारांत ही वाढ दिसली. अपेक्षेचाही परिणाम मोठा असतो. ॲटेनोलॉल घेणाऱ्या ९६ पुरुषांवरील इटलीतील २००३ मधील अभ्यासात, औषधाचे नाव न सांगितलेल्या गटात ३ टक्के रुग्णांनी लैंगिक दुर्बलतेची तक्रार केली; नाव सांगितलेल्या गटात हे प्रमाण १६ टक्के, तर नाव व दुष्परिणाम दोन्ही सांगितलेल्या गटात ३१ टक्के होते.

म्हणून वैद्याने कालक्रम पाहणे महत्त्वाचे असते. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत लक्षण उद्‌भवले, औषध बदलल्यावर ते ओसरले आणि पुन्हा दिल्यावर परत आले, तर संबंध बळकट ठरतो. अवटू ग्रंथीची मंदता, पांडुरोग (रक्तक्षय), ब १२ जीवनसत्त्वाची न्यूनता, मद्यपान आणि मुळातच असलेला विषण्णतेचा विकार ही इतर कारणे तपासून पाहावी लागतात. मराठीत रागावलेल्या माणसाचे ‘बीपी वाढले’ असे सर्रास म्हटले जाते. त्यामुळे पुष्कळांचा असा समज असतो की, मन शांत झाले म्हणजे रक्तदाब गेला व गोळीची गरज संपली. रागाने दाब तात्पुरता वाढतो हे खरे असले, तरी अतिरिक्त रक्तदाबाचा विकार शांत मनाच्या माणसातही तितकाच असू शकतो.

अन्य औषधांशी अन्योन्यक्रिया : उन्माद-विषण्णतेच्या विकारावर लिथियम घेणाऱ्या रुग्णास मूत्रल औषध किंवा अँजिओटेन्सिनाशी संबंधित औषध दिल्यास लिथियमाचे उत्सर्जन घटते, त्याची रक्तातील पातळी वाढते आणि कंप, अडखळते बोलणे व संभ्रम ही विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. विषण्णतेवरील जुनी त्रिवलयी औषधे क्लोनिडिनाचा गुण नाहीसा करतात. उलट व्हेन्लाफॅक्सिनासारखी औषधे स्वतःच रक्तदाब वाढवू शकतात. सर्पगंधेच्या वटी निद्रानाशावर आजही घेतल्या जातात. त्यांत रेसर्पीन असतेच. त्यामुळे आधुनिक गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास सुस्ती, नाडीची मंदता व भोवळ वाढते. विषण्णतेच्या रुग्णाने तर त्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. रुग्ण दोन ठिकाणचे उपचार एकमेकांपासून लपवीत असल्याने ही बाब पुष्कळदा उघडकीस येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती : अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यच्छायेत येतो. पाथर्डी, जामखेड, पारनेर इ. तालुके अवर्षणप्रवण आहेत. तेथील परिस्थितीमुळे या विषयातील दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात. पहिला उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखात शेतात राबणाऱ्या माणसाच्या घामावाटे पुष्कळ लवण व पाणी जाते. त्यातच मूत्रल औषध चालू असले आणि तहान केवळ पाण्यावर भागविली, तर सोडियम घटून गळाठा, भोवळ व संभ्रम येण्याचा संभव वाढतो. अशा काळात मात्रेचा फेरविचार करणे हितावह असते. दुसरा प्रश्न स्थलांतराचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व वसंतात परततात. गावच्या आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या फडावर संपतात आणि उपचार मध्येच तुटतो. बीटारोधक एकाएकी थांबल्यास धडधड, बेचैनी व निद्रानाश होतो. हृद्रोग असलेल्यास छातीत कळ येते. हा त्रास गोळी सोडल्याचा असूनही तो गोळीने जडलेल्या सवयीचा समजला जातो आणि औषधाविषयीचा अविश्वास दृढ होतो. अम्लोडिपीन शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने एखादा दिवस चुकला तरी दाब एकदम उसळत नाही. स्थलांतर करणाऱ्यांच्या दृष्टीने हा त्याचा एक गुण होय.

औषधयोजना ठरविण्याइतकेच रुग्णाची विचारपूस करणारे माणूस जवळ असणे महत्त्वाचे असते. या बाबतीत याच जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव मोलाचा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांनी निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर अशा स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार करणे, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. या कार्यासाठी दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेली नसली तरी गावातीलच असलेली स्त्री घरोघरच्या माणसांचा मूळ स्वभाव जाणून असते. एखादी बोलकी सासू अबोल झाली, किंवा हिशेबात पक्का असलेला म्हातारा पैसे मोजताना चुकू लागला, हे तिच्या जितके लवकर ध्यानात येते, तितके महिन्यातून एकदा रुग्णास पाहणाऱ्या वैद्याच्या येत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जोडीस ‘झोप कशी लागते, कामात मन लागते का, गोष्टी विसरता का’ एवढे तीन प्रश्न विचारले, तरी औषधाचे बहुतेक मानसिक परिणाम वेळीच उघडकीस येऊ शकतात.

उपाययोजना : २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय अतिरिक्त रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांचा प्रथम समावेश झाला. सार्वजनिक आरोग्यसेवेत आता मुख्यतः अम्लोडिपीन, टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन ही औषधे वापरली जातात. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा मनावर फारसा परिणाम होत नाही आणि तिसऱ्याबाबत वृद्धांचे सोडियम तपासणे, एवढी दक्षता पुरते. उपचारापूर्वीच रुग्णाची मनःस्थिती, झोप व स्मरण यांची नोंद केल्यास पुढे तुलना करता येते. पूर्वी विषण्णतेचा विकार झालेल्यांना रेसर्पीन व शक्यतो मिथिलडोपा देऊ नये. स्वप्नांचा किंवा झोपेचा त्रास असल्यास वसाविद्राव्य बीटारोधक टाळावा. अंथरुणावरून उठताना भोवळ येत असल्यास उभ्या स्थितीतही रक्तदाब मोजावा. वृद्ध रुग्ण एकाएकी गोंधळू लागल्यास तो वयाचा दोष न समजता त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. जगणे नकोसे झाल्याचे उद्‌गार निघाल्यास विलंब न लावता वैद्यकीय मदत मिळवावी आणि रुग्णास एकटे ठेवू नये. कोणताही त्रास झाला तरी रुग्णाने गोळी परस्पर बंद करू नये. तो त्रास वैद्याला सांगावा. रक्तदाबावर आज इतकी वेगवेगळी औषधे उपलब्ध आहेत की, मन खचविणारे औषध सोसत राहण्याचे किंवा औषधावाचून राहण्याचे कारण क्वचितच उरते.